संत्र्याला मारलेले तीन पीळ

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (माझी खोली म्हणजे इथल्या रोपवाटिकेतली खतं ठेवायची खोली. खरोखरचा साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर जातात आणि कपाळ शेणखताच्या पोत्याला टेकतं, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली मात्र विचारत नाही, कारण तुम्ही ‘उत्तम’ एवढंच कळवणार, आणि खरं काय ते मामीनं चार पानं भरून आधीच कळवलेलं आहे. तुमच्या हृदयाच्या तीन नळ्या बुजत आल्या आहेत, डॉक्टरांनी पायातली नळी काढून तिथे नवी वाट करून द्यायची म्हटलं आहे, पुढच्या सोमवारची तारीखही दिली आहे, आणि तुम्ही सही करायला साफ नकार दिलात, इथवर मला ठाऊक आहे. जिना चढताना तुम्ही हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबता, भिंतीतल्या पाइपला कान लावता आणि ‘कुठंतरी गळतंय’ असं म्हणत दम खाता, हेही ठाऊक आहे. मामीनं मला बजावलंय की या विषयावर एक अक्षर लिहू नकोस, ते भडकतात. म्हणून मी तो विषय काढतच नाही. मी आपली माझ्या नोकरीची हकीकत लिहितो. तुम्ही पलंगावर पडून वाचा. (पडूनच वाचा.)

माझ्या पायाला भिंगरी आहे हे तुम्ही चारचौघांत सांगतच असता. तुमच्या हाताखाली नळाची कामं सात महिने, मग टायरचं दुकान, मग वसतिगृहाचं स्वयंपाकघर (तिथून मला काढलं नाही, मीच निघालो, फक्त दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडल्या), मग तंबू ठोकणाऱ्यांबरोबर एक हंगाम. पण या रोपवाटिकेत मला आता चौदा महिने झाले. इतके दिवस मी शाळेच्या एका वर्गातही सलग बसलो नव्हतो. मालकीणबाई साठीच्या आहेत. कमरेला चामड्याचं म्यान आणि त्यात कलमं करायची कात्री, म्हणून सगळे त्यांना कात्रीबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना माहीत आहे, कारण एकदा बिलावर त्यांनी स्वतःच तशी सही केली. त्या माणसांशी कमी बोलतात आणि झाडांशी जास्त, आणि झाडांनाही फारसं काही चांगलं बोलत नाहीत. मी आल्या दिवशी सांगून टाकलं होतं की मी नळकामातला तयार माणूस आहे. तेव्हापासून त्या मला इंजिनियर म्हणतात. त्यात कौतुक नाही, हे कळायला मला महिना लागला.

आता मुख्य गोष्ट. आवाराच्या मध्यावर एक संत्र्याचं झाड आहे. सात वर्षांचं, खोड माझ्या मनगटाहून थोडं जाड. कात्रीबाईंनी ते बीपासून वाढवलं, आणि नशिबानं त्याला अशी फळं लागली की तशी दुसऱ्या कुठल्या झाडाला लागत नाहीत. रोपवाटिकेत विकली जाणारी संत्र्याची एकूण एक कलमं त्याच्याच फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, काढून बांधलेली. ते गेलं तर रोपवाटिकेतून ती जातच गेली. म्हणून त्याला सगळे आईझाड म्हणतात. मी आलो त्या आठवड्यात वारा सुटला आणि आईझाड एका अंगाला कललं. कात्रीबाईंनी मला सांगितलं की शेजारी खांब रोव आणि चिंधीनं सैल बांध, मधून हात जाईल इतकं सैल. ‘खांब रोव’ इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं ऐकायची मला गरज वाटली नाही, कारण बांधणं या विषयात मी तुमचा चेला. तुम्ही मला काय शिकवलं होतंत? तारेला पहिला पीळ पकडायला, दुसरा आवळायला आणि तिसरा रात्री झोप लागायला. मी पत्र्याच्या गोदामातून जाडी तार आणली, पक्कड घेतली आणि तिन्ही पीळ मारले. तिसऱ्या पिळाला मी खांबावर पाय रोवला होता. वर ते उघडंवाघडं दिसू नये म्हणून गोणपाटाची पट्टी नीट गुंडाळून टाकली. कात्रीबाई येऊन बघून गेल्या आणि ‘बरं बांधलंयस’ म्हणाल्या. चौदा महिन्यांत त्यांनी मला म्हटलेलं ते एकमेव बरं वाक्य, आणि तेही गोणपाटाला उद्देशून होतं.

मामा, त्या वर्षी आईझाडाला अशी फळं आली की विचारू नका. एरवीपेक्षा दीडपट मोठी, आणि गोडी अशी की हात धुतल्यावरही बोटं चिकट. गिऱ्हाइकं झाडाचे फोटो काढून नेऊ लागली. कात्रीबाईंनी स्वतः एक फळ हातात धरून तोललं. मी काय केलं? मी सगळ्यांना सांगत सुटलो की हा माझ्या हाताचा गुण. रोज पाणी मीच घालत होतो, तेव्हा दुसरं कारण मला तरी दिसत नव्हतं. मी तर दोन फळं वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवायच्या बेतात होतो. (मामी लिहिते की तुम्ही परवा शेजाऱ्यांसमोर बिडाचा पाइप एका हातानं उचलून दाखवलात आणि म्हणालात की हे काय आजारी माणसाचे दंड आहेत? मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मी संत्र्याबद्दल बोलतोय.)

यंदा पानं पिवळी पडायला लागली. कात्रीबाईंनी पाणी कमी करून बघितलं, मग वाढवून बघितलं, खत बदललं. एका बाजूची माती उकरली तर मुळं काळी आणि पोकळ, बोटानं दाबली की चुरा. मातीत तर सगळं होतं, पाणी, खत, सगळं. जेवणाच्या पंगतीत बसून कोणी उपाशी मरावं तशी ती मुळं मेली होती. कात्रीबाई गुडघे टेकून खोड चाचपत वर आल्या आणि गोणपाटाशी थांबल्या. कात्रीनं पट्टी कापली. मामा, आत तार दिसतच नव्हती. साल तिच्यावरून सुजून वर आली होती, वरच्या अंगाला हा असा फुगवटा, आणि खालच्या अंगाला खोड जसंच्या तसं, चौदा महिन्यांपूर्वीचं. मला वाटलं आता त्या कात्री माझ्याकडे वळवतील. त्यांनी फक्त विचारलं की पीळ किती मारलेस. मी म्हटलं तीन. त्या म्हणाल्या, ‘दोनच मारले असतेस तर तार ढिली पडून बिचारं वाऱ्यात कुरकुरलं तरी असतं, मला ऐकू आलं असतं.’

मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही कारागीर म्हणून ऐका. मला झाडाबद्दल एवढंच माहीत होतं की पाणी खालून वर जातं. शाळेत झाडाचं चित्र काढून बाण दाखवायचे होते, वर जाणारे निळे आणि खाली येणारे लाल. माझ्याकडे निळी पेन्सिल होती, लाल शेजाऱ्याकडे होती आणि त्याचं माझं भांडण होतं. मी नुसते वर जाणारे बाण काढले, तेवढ्यात घंटा झाली, आणि माझं शास्त्राचं शिक्षण तिथेच थांबलं. त्या एका लाल पेन्सिलीपायी आईझाडाचा गळा आवळला गेला म्हणायचा. झाडाची लाइन दुहेरी असते मामा. पाणी मुळांकडून आतल्या लाकडातून वर जातं. पानं उन्हात त्याचं अन्न शिजवतात, साखरच म्हणा ना. ती साखर सालीच्या अगदी आतल्या बाजूनं फळांकडे, शेंड्यांकडे आणि खाली मुळांकडे जाते. माझ्या तारेनं आतली लाइन शाबूत ठेवली आणि सालीखालची बंद केली. पाणी वर चढत होतं, म्हणून झाड हिरवंगार. साखर खाली उतरू शकत नव्हती, म्हणून ती सगळी फळांत. त्या गोडीची तारीफ लोक करत होते तेव्हा मुळं साठवणीतलं खाऊन दिवस काढत होती. झाडाला ते कळत नव्हतं. उलट झाडाला वाटत असणार की आपण इतके तगडे कधीच नव्हतो.

(इथे थोडं विषयांतर, कारण तुम्ही विचारणारच की पाणी वर चढवतं कोण, मोटर कुठे आहे. मीही विचारलं. मोटर नाही. फाटकाबाहेरचं झाड तीन मजली इमारतीएवढं आहे आणि त्याला ना पंप, ना वरची टाकी. कात्रीबाईंनी मला एका फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधायला लावली, सैल, आणि दुपारी सोडायला लावली, तर आत चमचाभर पाणी. पानं पाणी हवेत सोडतात आणि जेवढं सोडतात तेवढं मागचं ओढलं जातं, थेंबाला थेंब धरून, पार मुळापर्यंत. चाळीस वर्षं तुम्ही खालून ढकलताय आणि हे वरून ओढतंय. मी तासभर त्या पिशवीकडे बघत बसलो आणि टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायचं राहिलं. टोमॅटोचं प्रकरण वेगळं सांगेन.)

माणसाला मात्र पंप असतो आणि तुमचा कुरकुरतोय. विषय काढायचा नाही हे लक्षात आहे. पण तुमचा तो प्रश्न मामीनं मला जसाच्या तसा लिहिलाय, की जो पंप दिवसभर रक्तातच बुडालेला आहे त्याला रक्त कमी पडेलच कसं, डॉक्टर मला काय वेडा समजतात? प्रश्न बिनतोड आहे. दोन दिवस मी तो घोकत कुंड्या भरत होतो. तिसऱ्या दिवशी आमचा विहिरीवरचा डिझेलचा पंप बंद पडला. आत पाणी गच्च भरलेलं, वर टाकीत डिझेलही भरलेलं. बुजली होती ती टाकीतून इंजिनात जाणारी करंगळीएवढी नळी. बागेभर पाणी पुरवणारा पंप स्वतःच्या घोटभर डिझेलवाचून थांबला. हृदयाचंही तसंच असतं म्हणे. आतून जे जातं ते जगासाठी, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याचं येतं ते बाहेरून चिकटलेल्या बारीक नळ्यांतून. हे मला आमच्याकडे कुंड्या न्यायला येणाऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची कुंडी मी उत्तर मिळेपर्यंत गाडीत ठेवली नव्हती.

आता जोडाची हकीकत. कात्रीबाईंनी तार पक्कडीनं तुकड्या-तुकड्यानं काढली. खोडाभोवती बोटभर रुंदीचा मेलेला पट्टा. त्यांनी त्याच झाडाच्या चार पेन्सिलीएवढ्या फांद्या कापल्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासली, आणि एक टोक जखमेच्या खाली सालीत, दुसरं जखमेच्या वर सालीत, असं बसवून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारल्या. वरून मेण. म्हणजे मधला मेलेला भाग तसाच ठेवून बाजूनं पूल. मला म्हणाल्या, तू आवळलंयस, एक तरी तू जोड. मी जोडला. त्यात माझा अंगठा कापला, रक्त आलं, आणि त्या गडबडीत फांदी उलटी बसली, शेंडा खाली आणि बूड वर. त्यांनी ती हिशेबातून वजा केली, उरल्या तीन. झाडाच्या फांदीला कुठून कुठे जायचं ते ठरलेलं असतं, उलटं बसवलं की धरत नाही. (पायातल्या नळीलाही असंच असतं. तिच्यात एकाच बाजूला उघडणारी दारं असतात, तुमच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखी, म्हणून दिशा बघून ती मुद्दाम फिरवून बसवतात. हेही कुंडीवाल्या डॉक्टरांनीच सांगितलं. तुम्ही म्हणालात ना की पायाची नळी छातीत म्हणजे मोरीचा पाइप पिण्याच्या पाण्याला? तसं नाही. तुमचीच नळी तुमच्याच कामाला, आणि बसवणाऱ्याला व्हॉल्व्हची बाजू कळते.)

तुमची खरी हरकत मला ठाऊक आहे. ती भीतीची नाही, धंद्याची आहे. चाळीस वर्षांत तुम्ही हजारो जोड केलेत, आणि तुम्हाला माहीत आहे की जोड हा केल्या दिवशी सर्वांत मजबूत असतो. दुसऱ्या दिवसापासून तो म्हातारा व्हायला लागतो आणि एक दिवस गळतोच. मी कात्रीबाईंना हे तुमचं वाक्य म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की तुझे मामा शहाणे आहेत, पण त्यांनी जिवंत पाइप बघितलेला नाही. मग मला फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाकडे घेऊन गेल्या. वीस वर्षांपूर्वी उंदरांनी त्याची साल गोल कुरतडली होती, तेव्हा असेच पूल बांधलेले. मामा, ते पूल आता माझ्या दंडाएवढे जाड आहेत. खोडात असे मिसळलेत की जोड कुठे होता ते बोट लावूनही सापडत नाही. जिवंत जोड केल्या दिवशी सर्वांत कच्चा असतो आणि नंतर रोज पक्का होतो. तुमचं गणित बरोबर उलटं. माझा अंगठाही भरत आला. त्याला मी पट्टीखेरीज काही केलं नाही, जे काय लागलं ते रक्तानंच आणून टाकलं.

आईझाडाचे तीन जोड धरलेत. नवी पालवी आलीय, पूल बोटाएवढे झालेत, आणि कात्रीबाईंनी मला कामावर ठेवलंय. असं हे सगळं सुरळीत पार पडलं. तुमचं काय ठरतं ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही.

मामीला नमस्कार. तुम्ही जिना उतरू नका.

आपला (या एका बाबतीत स्थिर),
भिंगरी

ता. क. मामीनं हा विषय काढू नकोस असं लिहिलं होतं, ते खोटं आहे. तिनं खाली दोनदा रेघ ओढून लिहिलं होतं की काहीही कर पण त्यांना पटेल असं लिही, तुझं ऐकतात. (माझं? हे वाचून मी पोत्यावर बसलो.)

ता. क. २. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आईझाडाबद्दल मी लिहिलं ते खरं नाही. जोड करून आज अकरा दिवस झालेत. पालवी नाही. नखानं खरवडलं तर तिन्ही फांद्या आत अजून हिरव्या आहेत, बस एवढंच. फाटकाजवळचं लिंबू खरं आहे, पण त्या वेळी आणखी दोन झाडांना पूल बांधले होते आणि ती आता तिथे नाहीत. कुंडीवाल्या डॉक्टरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की माणसांची गोष्ट यापेक्षा पुष्कळ बरी असते, पण शंभरातल्या शंभरांची हमी कोणी देत नाही. हे दडवून तुम्हाला टेबलावर पाठवलं असतं तर मला तिसऱ्या पिळानंतरही झोप लागली नसती. काल मी कात्रीबाईंना विचारलं की झाड जगेल का. त्या मेणाचा डबा धूत होत्या. म्हणाल्या, ‘जगेल का ते मला माहीत नाही. जोडलं नसतं तर काय झालं असतं, ते माहीत होतं. म्हणून जोडलं.’

ता. क. ३. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतोय. रजा मागितली तेव्हा कात्रीबाईंनी महिनाभराची दिली आणि वर म्हणाल्या की झाडाला मी आहे, तुझ्या मामांना कोण आहे ते बघ. तुमची अडलेली कामं मी करीन. गिऱ्हाइकांची यादी मामीकडून मागवली आहे. तुम्ही बरे होऊन लवकर उठला नाहीत तर त्या बिचाऱ्यांचं काय होईल, याचा त्यांच्याखातर तरी विचार करा. मला दुसरा मामा नाही. (मामीला दोन भाऊ आहेत, पण ते माझे कोणी नव्हेत, आणि त्यातल्या एकाला साधा नळ बंद करता येत नाही.) दवाखान्यातून फॉर्मची दुसरी प्रत मामीनं आणून ठेवली आहे, तिच्या उशीखाली आहे. ती झोपल्याचं सोंग घेईल. तुम्ही काढून सही करा आणि परत तिथेच ठेवा, मग ती सकाळी आश्चर्य करेल, तसं आमचं ठरलंय.